नावातली फळी

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी रुखमा गेली, आणि मला ते दूर आरमोरी गावाकडून कळलं.

मी त्याच इमारतीत होते. तळमजल्यावर, नातेवाइकांच्या दालनात, लोखंडी खुर्चीवर. ती वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात. मध्ये एक जिना. काल संध्याकाळी तिला श्वास पुरेना म्हणून आणलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने बजावलं होतं, "तुम्ही खालीच थांबा. काही लागलं तर फोन येईल. भेटायची वेळ पाच ते सहा." फोन मांडीवर ठेवून बसले. आवाज पूर्ण मोठा केलेला. शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, सांगितलेल्या जागी गप्प बसता येणं ही अर्धी प्रार्थना. बसले.

शेजारच्या दाराआड रुग्णालयाची लॅब आहे. साडेतीनच्या सुमारास तिथला फोन वाजत सुटला. थांबायचा, परत वाजायचा. सगळे जेवायला गेले असतील. मी समोरच्या बाईंना म्हटलंसुद्धा, "एवढं मोठं रुग्णालय बांधलं, पण फोन उचलायला माणूस नाही." शेवटी कुणीतरी उचलला, "हां हां, ठीक आहे," म्हणाला आणि आदळला.

मग माझा वाजला. धनराज, रुखमाचा भाचा.

"बाई, आत्या गेली मनते."

"कोण म्हणतं?"

"हास्पिटलातून फोन आला ना आता. तुमी तिथीच हा ना?"

मी म्हटलं, वाह्यात बोलू नकोस, मी इथेच बसले आहे. फोन कापला. मी जिना चढले.

चादर तोंडावर ओढलेली होती आणि पाय उघडे. तिला पायाला गार लागलेलं सोसत नाही. मी मोजे मागितले. परिचारिका म्हणाली, "आजी, आता कशाला?" मी कुणाची आजी नाही, हे तिला सांगितलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आरमोरीजवळच्या तिच्या गावाहून आत्ता परतले. शववाहिनीत पुढच्या सीटवर बसून गेले होते. धनराजने सगळं नीट केलं. बायका मला बघून कुजबुजत होत्या, ही कोण. मी नेहमीचं उत्तर दिलं: आम्ही सिमेंट कंपनीत एकत्र नोकरीला होतो. मी खरेदी विभागात, ती गेटवरच्या वजनकाट्यावर. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरला, तुकुम भागात एकाच घरात राहिलो, कारण दोन बायकांना दोन विजेची मीटरं कशाला हवीत.

बसमधून उतरले तर शहर माणसांनी भरलेलं. इथल्या, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर निघालेली पांढरी गर्दी. आम्ही दोघी दरवर्षी जायचो. ती आमच्यातली नाही, कुणब्याची. पण माझ्या आधी पांढरी साडी नेसून तयार असायची. गर्दीत मी हरवू नये म्हणून माझा पदर धरायची, आणि हरवायची तीच. यंदा मी रिक्षाने घरी आले.

रुग्णालयाने देह ताब्यात देताना जी चिठ्ठी दिली ती माझ्या पिशवीत राहिली. तिच्यावर नाव आहे, 'आर खमा'. गाव, 'चंद्रप आर'. परवा मी कारकुनाला म्हटलं, हे कोण? तो म्हणाला, "म्याडम, कंपनीकडून जसं आलं तसंच हाय." मी पेनाने नाव दुरुस्त केलं. इंग्रजीत सहाच अक्षरं आहेत, तीही यांना लिहिता येत नाहीत.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी झाली म्हणतात.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज रुग्णालयात जाऊन भांडले. संगणक विभागाचे प्रमुख राजदीप नावाचे गृहस्थ आहेत. चाळिशीचे, घुग्घुसचे, सभ्य. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, माझ्याशी टायपिंगची चूक वगैरे बोलू नका. तुम्हाला आमच्या कंपनीच्या निवृत्तांच्या वैद्यकीय योजनेतून जे मंजुरीचे कागद संगणकावरून येतात, त्यांच्याच जातकुळीचे खरेदीचे कागद मी बावीस वर्षं सांभाळले आहेत. मला कच्चा कागद दाखवा.

त्यांनी दाखवला. मी पहिलीच ओळ दोनदा वाचली.

हे प्रकरण मी रुखमाला एकदा समजावलं होतं, ती भाकरी थापत असताना. संगणकाचा संगणकाला जाणारा कागद म्हणजे घरं पाडलेली लांब ओळ. दोन घरांमध्ये चांदणी. एकाच घरात दोन गोष्टी कोंबायच्या असतील, समज एकाच माणसाचे दोन आजार, तर त्यांच्यामध्ये एक वेगळं चिन्ह घालायचं. त्याचा अर्थ 'आणखी एक'. ती पटकन म्हणाली, "म्हंजे एकाच ट्रकात दोन माल, अन् मंधात फळी." मी म्हटलं, हो, फळी. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं चांगलं सांगितलं नव्हतं, पण हे मी तिला बोलले नाही.

तर ती फळी कुठल्या अक्षराची, हे कागदाच्या कपाळावर अकराव्या घरात लिहितात. पण हे नव्या पद्धतीत. जुन्या पद्धतीत फळी हा प्रकारच नव्हता. अकराव्या घरात नुसतं यू हे अक्षर बसलेलं असायचं, नियम कुठल्या मंडळाचे एवढं सांगायला. लगेच पुढच्या बाराव्या घरात पद्धत जुनी की नवी ते लिहिलेलं असतं. ते आधी वाचायचं आणि मग अकराव्याचा अर्थ लावायचा. आमची कंपनी अजून जुन्या पद्धतीने पाठवते, आणि तसं बाराव्या घरात स्वच्छ सांगते. रुग्णालयाने सप्टेंबरात नवीन सॉफ्टवेअर बसवलं. ते बारावं घर बघतच नाही. अकराव्यात यू दिसला, म्हणून यू म्हणजे फळी असं त्याने ठरवून टाकलं. मग जिथे जिथे यू आला, तिथे तिथे फळी.

रुखमाच्या नावात यू आहे. आर, फळी, खमा. चंद्रपुरात यू आहे. चंद्रप, फळी, आर.

राजदीप ओशाळून म्हणाले, "म्याडम, दोन महिन्यांपासून तुमच्या कंपनीचीच नावं अशी तुटून येऊन राह्यली. आमाले वाटलं, तुमच्याकडंच कोनी नवीन पोरगी बसली टायपिंगले."

"फोन करून विचारलं का?"

"नाई."

"काऊन नाई?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

मग मी म्हटलं, आता हे दाखवा, कुणाला कळवायचं त्या घरात काय आहे. रुखमाने दोन नावं दिली होती. दुसरं धनराज. त्यात यू नाही, तो अखंड पोचला. पहिलं माझं, गुलाब.

पडद्यावर होतं, 'जी लॅब'. खाली माझा मोबाईल नंबर. आणि त्याखाली परिचारिकेची नोंद: "प्रकृती गंभीर. जी लॅबला इंटरकॉमवर कळवले. ३.३०."

"जी लॅब म्हणजे?" मी विचारलं.

"ग्राउंड फ्लोअरची लॅब. आमच्यात तसंच मनतात."

मंगळवार, २८ ऑक्टोबर

तो फोन माझा होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी उठून आत जाऊन उचलू शकले असते. दहा मिनिटं होती. जिना चढायला मला फार तर दोन लागतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात रुग्णालयाला दिलेली लेखी तक्रार परत आली. "अर्जदार रुग्णाच्या नातेवाईक नसल्याने माहिती देता येत नाही." मी नात्याच्या घरात 'सहकारी' लिहिलं होतं. खरं तेच आहे. दुसरं काय लिहायचं असतं?

फोनवर एक मुलगी म्हणाली, "ब्लड रिलेटिव्हचं पत्र आणा, आंटी." मी म्हटलं, तुमच्या सॉफ्टवेअरने मला रुग्णालयाची एक खोली करून टाकलं तेव्हा रक्ताचं नातं विचारलं नव्हतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

धनराजकडे गेले. धान कापून शेतात पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. तो उन्हात उभा होता, मला बघून धावत आला आणि खाट सावलीत ओढली. त्याच्या बायकोने लाखोळीची डाळ आणि भात वाढला. घरात बसवून, सगळ्यांच्या पंगतीत. सुरुवातीला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, या घरात मला चहा वेगळ्या कपात यायचा. तेव्हा रुखमाने तो कप उचलून स्वतः प्याला होता आणि आपला माझ्यापुढे सरकवला होता. पुढच्या खेपेला सगळे कप सारखे होते.

मी पत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "तुमीच सांगा ना बाई काय लिवू. माहा हात नांगराचा."

"तुझ्या शब्दांत लिही. मी सांगितलेलं त्यांना लगेच कळेल."

त्याने जीभ बाहेर काढून, मुलाच्या वहीच्या पानावर लिहिलं: "गुलाबबाई ह्या आमच्या आत्याच्या घरच्या आहेत. त्यांना सर्व सांगावे. सही, धनराज."

मी म्हटलं, अरे, 'घरच्या' असं नुसतं लिहीत नाहीत. आमच्याकडे बायका नवऱ्याला 'आमचे घरचे' म्हणतात, लोक भलताच अर्थ काढतील. 'एकाच घरात राहणाऱ्या' असं लिही.

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "राहू द्या ना बाई. बराबर हाय ते."

व्याकरणाची गोडी त्या घराण्यात कुणालाच नव्हती. कागद तसाच घडी करून आणला.

निघताना म्हणाला, "आत्या दिवाळीले इथी आली का दोन दिसात म्हने, चालली मी घरी, बाई एकटी हाय. मी मनो, हे नाई का तुह्यं घर? त हासे नुसती."

बुधवार, १२ नोव्हेंबर

भाजीवाल्याकडे मी सांबार मागितला. तोंडातून तसंच आलं. एका घरात आल्यापासून तेरा वर्षं मी रुखमाशी यावरून भांडले, त्याला कोथिंबीर म्हणतात, सांबार हा पातळ पदार्थ आहे आणि तो इडलीबरोबर खातात. ती म्हणायची, "तुमच्या कान्व्हेंटात खात असन." भाजीवाल्याने जुडी दिली. घरी आणून ठेवली. तिची वडी करायला मला येत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

धनराजच्या पत्राने काम केलं. काउंटरवरच्या मुलीने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं आणि एकदम नरम आवाजात म्हणाली, "बसा ना मॅडम." असं का, कळलं नाही. सरळ लिहिलेलं पत्र लोकांना आवडत असावं.

त्या दिवशीची परिचारिका भेटली. ज्योत्स्ना नाव. सांगलीकडची, इथे येऊन तीन महिने झालेले. मी तिला फाडून खायच्या तयारीने गेले होते. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलू लागली.

"मॅडम, जी लॅब म्हटल्यावर मला वाटलं कुणीतरी लॅबचा नंबर चुकून नातेवाइकांच्या रकान्यात टाकलाय. तरी मी इंटरकॉम केला. दोनदा. म्हटलं, रिपोर्टसाठी कळवायचं असेल."

"नंबर मोबाईलचा होता."

"हो. मी बघितला नाही नीट. मग खालचं नाव बघून धनराजना लावला, तोवर..."

मी म्हटलं, ती काही बोलली का?

"खमाआजी?" आणि लगेच जीभ चावली. "सॉरी. रुखमाआजी. आम्ही सगळे खमाआजीच म्हणत होतो. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही, नुसत्या हसत होत्या."

रुखमा अशीच. काट्यावरच्या ट्रकवाल्यांनी तिला रुक्मिणी, रुक्सार, काही म्हटलं तरी ती ओ द्यायची.

"बोलल्या. मास्क काढून सारखं एकच म्हणत होत्या, 'बाईले बोलव.' मी विचारलं, कशाला आजी? तर परत तेच, 'बाईले बोलव ना वो.' मला वाटलं त्यांना बेडपॅन हवाय. आमच्याकडे वॉर्डात बाई म्हणजे आयाबाई. मी लगेच पाठवली, मॅडम. एक मिनिट उशीर केला नाही."

तिला काय दोष देणार? तिने ऐकलं, तिला कळलं तसं केलं, आणि लगेच केलं. इथे धाकट्या बहिणी थोरलीला बाई म्हणतात, सुना सासूला म्हणतात, शेजारपाजारचे म्हणतात. रुखमा मला पहिल्या दिवसापासून बाई म्हणायची. मी म्हणायचे, मला नाव आहे, नावाने हाक मार. तिने तीस वर्षांत मारली नाही. एकदा म्हणाली, "नावानं तर सारेच बलावतेत."

मग आयाबाई, सोनीबाई, जिन्याखाली चहा पीत बसली होती तिच्याकडे गेले. तिने मला बघून पदर सावरला.

"तुमीच का थ्या? मी गेली त बुडी मले पाहून म्हने, तू नोहे. मी म्हनलं, मीच बाई हावो माय. त मान हलवे. नाई, नाई. मंग मी बसली खाली. हात धरून बसली. इकडचं तिकडचं बोलली. म्हनलं, येतीन तुह्या बाई, रस्त्यात असतीन."

"मी रस्त्यात नव्हते," मी म्हटलं.

"मले का मालूम," ती म्हणाली. मग बशी पुसत म्हणाली, "दाराकडं पाहे. डोये नाई मिटे."

तिने मला उरलेला चहा बशीत ओतून दिला. मी प्यायले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ज्या नावात 'आणखी एक' नव्हतं, तिथे यंत्राला 'आणखी एक' दिसलं. आणि जी हाक रुखमा आणखी एकदा, आणखी एकदा देत राहिली, ती कुठल्याच घरात बसली नाही.

मी हे लिहून खोडलं होतं. असं छान छान लिहायचं वय नाही. परत लिहिते आहे, कारण खरं आहे.

सोमवार, १ डिसेंबर

रुग्णालयाचं उत्तर आलं. साडेतीन ओळी. "तांत्रिक त्रुटी संबंधित कंपनीच्या फाइलमधील असून रुग्णसेवेवर त्याचा परिणाम झालेला नाही." कंपनीला विचारलं, तिकडून आलं, "त्रुटी रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधील आहे." दोघांच्या मध्ये एक फळी, आणि मी तिच्यावर उभी.

राजदीप यांनी मात्र चूक सुधारली. परवा फोन करून सांगितलं, "म्याडम, आता बाराव्या घरातली पद्धत पाहूनच नाव उघडते. काल बुधीबाई नावाची एक आजी आली तुमच्या कंपनीकडून, पूर्ण नावानं." मी आभार मानले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या बुधीबाईचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली.

उद्या टपालाने हे पाठवते आहे. इथे उतरवून ठेवते, कारण पोच न देण्याची त्यांची सवय मला माहीत आहे.

"रुग्णालयाच्या अधीक्षकांस,

मला नुकसानभरपाई नको. कुणाला कामावरून काढायला नको, ज्योत्स्ना यांना तर मुळीच नको. त्यांनी त्यांना दिसलं ते वाचलं आणि ऐकू आलं ते केलं. त्यांच्यापुढे चुकीचं दिसेल अशी सोय तुम्ही करून ठेवली होती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तुमच्याकडे 'आर खमा' नावाचं कुणी वारलं नाही. रुखमा वारल्या. तुमच्या सर्व कागदांवर ते नाव अखंड लिहावं. इंग्रजीत लिहिणार असाल तर दुसरं अक्षर यू आहे. ते अक्षर आहे, फळी नाही.

साडेतीन वाजता 'जी लॅब'ला कळवल्याची नोंद तुमच्याकडे आहे. तिच्याखाली लिहावं की जी लॅब ही खोली नसून गुलाब या नावाची बाई आहे, ती त्या खोलीच्या शेजारी बसली होती, तिच्या फोनचा आवाज पूर्ण मोठा होता, आणि तिला कळवलं गेलं नाही.

तिसरी गोष्ट. रुग्णाने मास्क काढून 'बाईले बोलव' असं सांगितल्याची नोंद तुमच्या कुठल्याही कागदावर नाही. ती करावी. तुमच्या परिचारिका आणि सोनीबाई या दोघी साक्षीला आहेत. नोंदीत बाई म्हणजे कोण हे स्पष्ट लिहावं, पुढे कुणाचा घोटाळा नको. रुखमाने ज्या बाईला बोलावलं ती मी. मला बोलावलं गेलं होतं. एवढं एक वाक्य मला तुमच्या शिक्क्यानिशी हवं आहे.

मी रुग्णाची कोण, असा प्रश्न तुम्हाला पुन्हा पडेल. त्यांच्या भाच्याचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यातला शब्द मी दुरुस्त करणार होते. केलेला नाही. तोच ग्राह्य धरावा.

उत्तर सोमवार, १५ डिसेंबर २०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या आत, लेखी द्यावं. पाच ही तुमच्याकडची भेटायची वेळ आहे. मी तळमजल्यावर, लॅबच्या दाराशेजारच्या त्याच खुर्चीवर बसलेली असेन. कुणीतरी जिना उतरून कागद माझ्या हातात द्यावा.

फोन करू नये.

गुलाब"